कोरल, कुदळ्या आणि करवानक: पाणथळीतल्या पक्ष्यांच्या नावांचा प्रश्न

मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरला राजघाटाजवळ तापी ओलांडून जैनाबादच्या बाजूला गेलं, की शेतं आणि केळीच्या बागा सुरू होतात. नुकत्याच नांगरलेल्या एखाद्या तुकड्यात तिथे काळा, कोंबड्याहून थोराड पक्षी चालताना दिसतो. चोच लांब आणि खाली वळलेली. खांद्यावर पांढरा ठिपका, पाय विटकरी, आणि डोक्यावर मागच्या बाजूला लाल चामखिळींची त्रिकोणी टोपी. चार पावलं टाकायची, चोच ढेकळाच्या फटीत मुळापर्यंत खुपसायची, क्षणभर थांबायचं, मान झटकून किडा गिळायचा आणि पुढे निघायचं, हा त्याचा उद्योग तासन्‌तास चालतो. ही हालचाल पाहताना ज्याला कुदळ मारणारा माणूस आठवला, त्याने याला कुदळ्या म्हटलं. मराठी पक्षिग्रंथांत तो काळा शराटीही आहे. हिंदीत तो काला बुज्जा. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात शिकारीला हिंडणाऱ्या इंग्रजांनी त्याला आणखी एक नाव दिलं होतं: किंग कर्ल्यू.

तो कर्ल्यू नव्हे. खरा कर्ल्यू, म्हणजे पक्षिशास्त्रातला युरेशियन कर्ल्यू, मराठी सूचींत कोरल किंवा कुरल या नावाने येतो. तो तपकिरी, रेघारेघांचा, युरोप आणि मध्य आशियातून हिवाळ्यात येणारा पाहुणा. कुदळ्या जवळचा नातेवाईक आहे बगळ्यांचा आणि पाणकोळ्यांचा. कोरलाचं गोत तुतारी, पाणलावा, आणि थोडं लांबून कुरव-सुरय यांच्याशी जुळतं. दोघांत समान काय, तर वाकडी चोच. मायदेशीच्या चिखलमैदानांवर कर्ल्यू पाहिलेल्या माणसाला इथल्या रानात वाकडी चोच दिसली आणि त्याने ओळखीचं नाव चिकटवलं.

पाणथळीतल्या पक्ष्यांना मराठीत काय म्हणायचं, हा वाद वरवर पाहता पक्षिनिरीक्षकांपुरता वाटतो. पण त्यात फारसी आहे, संस्कृत आहे, वसाहतकाळ आहे, राज्यांच्या सीमा आहेत आणि शेतात राबणाऱ्यांची बोली आहे. बऱ्हाणपूर हे यातल्या बहुतेक वाटा एकत्र येण्याचं ठिकाण असल्याने तिथून या प्रश्नाकडे पाहणं सोयीचं आहे.

चोच पाहून, पाय पाहून

कोरल साधारण ५० ते ६० सेंटिमीटर लांबीचा. मादी नरापेक्षा मोठी आणि तिची चोच १५ सेंटिमीटरपर्यंत जाते. त्याचं शास्त्रीय नाव न्युमेनियस अर्क्वाटा. पहिल्या शब्दाच्या मागे ग्रीक भाषेतली नवचंद्राची कोर आहे, दुसऱ्याच्या मागे लॅटिनमधलं धनुष्य. म्हणजे नावाच्या दोन्ही पदांनी चोचच सांगितली. इंग्रजी कर्ल्यू मात्र जुन्या फ्रेंचमधून आलेला, त्याच्या शीळेचं अनुकरण करणारा शब्द. वर्गीकरणशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याला पाणलाव्यांच्या प्रजातीत घातलं होतं. पुढे तो वेगळा काढला गेला.

ही चोच जवळून पाहण्याजोगी आहे. टोकाकडचं हाड मधमाश्यांच्या पोळ्यासारखं सूक्ष्म खळग्यांनी भरलेलं असतं आणि प्रत्येक खळग्यात कंपन टिपणाऱ्या मज्जापेशी असतात. चिखलात खुपसलेली चोच डोळ्यांना न दिसणारा किडा हुडकते. शिवाय सबंध चोच न उघडता वरच्या चोचीचं फक्त टोक उचलता येतं, त्यामुळे चिखलाच्या आतच भक्ष्य चिमटीत येतं. कुदळ्याच्या कुळातही चोचीच्या टोकाला असेच खळगे सापडले आहेत. दोन वेगळ्या वंशांनी एकाच कामासाठी एकसारखं हत्यार घडवलं. ‘किंग कर्ल्यू’ म्हणणारे गोरे शिकारी नात्यात चुकले, पण हत्याराच्या बाबतीत बरोबर होते.

चोचीसारखीच पायांनीही वर्गीकरणाची दिशाभूल केली. लिनियसने लांब पायांच्या पक्ष्यांचा जो गण केला त्याचं नाव ग्रॅली, म्हणजे काठ्यांवर चालणारे. त्यात बगळे, क्रौंच, पाणलावे एकत्र होते. आज बगळे आणि कुदळे पाणकोळ्यांच्या गणात आहेत, करकोचे वेगळ्या, क्रौंच आणखी वेगळ्या. रोहित, ज्याला वर्तमानपत्रं अग्निपंख म्हणतात, तो तर २००१ सालापासूनच्या जनुकीय अभ्यासात टिबुकलीच्या कुळाजवळ निघाला. लांब पाय ही चिखलात उभं राहण्याची सोय आहे, कुळाची खूण नव्हे.

सामूहिक नावाची अडचण इथूनच सुरू होते. ब्रिटिश इंग्रजीत ‘वेडर’ म्हटलं की टिटवी, तुतारी, कोरल. अमेरिकेत त्यांनाच ‘शोअरबर्ड’ म्हणतात, आणि ‘वेडिंग बर्ड’ म्हणजे तिथे बगळे-करकोचे. मराठीत पाणपक्षी म्हटलं तर बदकंही आली. पाणथळ पक्षी म्हटलं तर कमळपक्ष्यापासून पाणकोंबडीपर्यंत सगळे आले. किनारपक्षी म्हटलं तर बऱ्हाणपूरच्या शेतातली टिटवी बाहेर राहिली, तिने समुद्र कधी पाहिलेला नाही. आणि कुदळ्या? तो पाण्यापासून कोसभर दूर कोरड्या रानात चरतो, घरटं उंच झाडाच्या शेंड्यावर करतो. या गटाला नेमका बसणारा एकच शब्द मराठीने अजून निवडलेला नाही.

तापीकाठी आलेली फारसी

अब्दुल रहीम खानखानान हे नाव बऱ्हाणपुरात आजही रोज घेतलं जातं, कारण १६१५ सालच्या कुंडी भंडाऱ्याची, म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याचं पाणी भुयारांतून शहरात आणणाऱ्या योजनेची उभारणी त्याच्या सुभेदारीत झाली. त्याचं दुसरं काम पक्ष्यांच्या नावांशी थेट संबंधित आहे. बाबराची आत्मकथा तुर्कीतून फारसीत आणली ती रहीमने. १५८९ साली ती अकबराला सादर झाली. हिंदुस्थानातले प्राणी, झाडं, फळं यांची त्यातली वर्णनं नवख्या देशात आलेल्या सावध निरीक्षकाची आहेत. पाण्याजवळच्या पक्ष्यांचा तिथे स्वतंत्र भाग आहे.

बाबर सारसाबद्दल सांगतो, की हिंदुस्थानातले तुर्क त्याला ‘उंट-क्रौंच’ अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. घरचा क्रौंच माहीत होता, इथला त्याहून उंच निघाला, तेव्हा उंट जोडला. मग तो मोठ्या बुजकाचं वर्णन करतो आणि पांढऱ्या बुजकाचं, ज्याचं डोकं आणि चोच काळी. हा दुसरा म्हणजे आपला पांढरा शराटी असला पाहिजे. बुजक आणि हिंदीतला बुज्जा यांचं नातं कानाला लगेच कळतं. एक शब्द मध्य आशियातून निघून दरबारी पोथ्यांतून आणि छावण्यांतून फिरत उत्तर हिंदुस्थानच्या शेतांत रुजला. मराठी मुलखात मात्र त्याला कुदळीने रोखलं.

करवानकाची कथा याच वाटेवरची. तपकिरी, ठिपकेदार, मोठ्या पिवळ्या डोळ्यांचा हा पक्षी दिवसा दगडगोट्यांत दगड होऊन बसतो आणि रात्री हाका घालतो. इंग्रजीत तो ‘स्टोन-कर्ल्यू’ होता, आता ‘थिक-नी’ आहे. कर्ल्यूशी त्याचं नातं आवाजापुरतं. अरबीत ‘करवान’ हा शब्द याच रात्रीच्या हाकाऱ्याला आणि कर्ल्यूला, दोघांनाही लागतो. फारसी वळणाचा ‘क’ मागे लावलेला करवानक हिंदीत आला आणि मराठी सूचींतही स्थिरावला. ताहा हुसेन यांच्या १९३४ सालच्या अरबी कादंबरीच्या नावात हाच करवान आहे. इंग्रजी भाषांतरात त्याचा कर्ल्यू झाला आणि तिच्यावरचा १९५९ सालचा चित्रपट इंग्रजीत गेला तेव्हा त्याचा नाइटिंगेल झाला. माळावरचा रात्रीचा पक्षी एकदा चिखलात आणि एकदा बागेत जाऊन बसला. भाषांतरात पक्ष्याचं असं स्थलांतर होतं, याची मराठीनेही आठवण ठेवायला हवी. संस्कृत क्रौंचाच्या बाबतीत आपल्याकडे तेच घडलं आहे.

साहेबांच्या याद्या

मराठी मुलखातले पक्षी आधुनिक शास्त्राच्या वहीत पद्धतशीर उतरले ते कर्नल विल्यम साइक्स यांच्या १८३२ सालच्या दख्खनच्या पक्षिसूचीत. आपल्या गावातळ्यावरची ढोकरी शास्त्रीय नावाने आजही साइक्स यांच्या नावावर आहे: आर्डिओला ग्रेयी, साइक्स, १८३२. ‘ग्रेयी’ म्हणजे ब्रिटिश म्युझियमचे जॉन एडवर्ड ग्रे. ज्या पक्ष्याला इथे ढोकरी म्हणत, भुरा बगळा म्हणत, पाण्यात मुकाट उभा राहून मासा फसवतो म्हणून संस्कृत वळणाने वंचक म्हणत, त्याच्या जागतिक नावात लंडनचा एक गृहस्थ आहे.

टिटवीच्या नावात काही काळ गोवा होता. १७८३ साली बोडार्ट यांनी तिचं नाव इंडिका ठेवलं, १७८९ साली ग्मेलिन यांनी गोएन्सिस, गोव्याची. एकोणिसाव्या शतकातल्या ग्रंथांत, जर्डन यांच्या ‘बर्ड्स ऑफ इंडिया’तही, गोएन्सिस चालत राहिलं. पण शास्त्रीय नावांत आधी आलेल्याचा मान पहिला, या नियमाने शेवटी इंडिकस टिकलं. मूळ नमुना गोव्याचाच मानला जातो; नावातून तेवढा गोवा निसटला. याउलट पूर्व आशियातल्या एका मोठ्या कर्ल्यूच्या शास्त्रीय नावात लिनियसने मादागास्कर घातलं आणि ते आजतागायत तिथेच आहे. तो पक्षी मादागास्करला जात नाही. बहुधा मकास्सर या बंदराच्या नावाशी घोटाळा झाला. चुकीचं आहे म्हणून शास्त्रीय नाव बदलत नाहीत. लोकभाषेतली नावं बदलता येतात, म्हणूनच वाद त्यांच्यावर होतो.

बऱ्हाणपूरच्या शेजारच्या खानदेशासाठी जेम्स डेव्हिडसन यांची पश्चिम खानदेशची पक्षिसूची १८८२ साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात आली. अशा याद्यांनी कुठे काय दिसतं हे पक्कं केलं. स्थानिक नावं त्यांत आली ती ऐकली तशी, रोमन लिपीत, सांगणाऱ्याच्या बोलीची नोंद न घेता. त्यातलं एखादं नाव पूर्ण वेगळ्या पक्ष्याचं असण्याची शक्यता कायमच राहते.

नागपूरचा संस्कृत प्रयोग

१९५६ पर्यंत बऱ्हाणपूर ज्या प्रांतात होतं त्याची राजधानी नागपूर होती. तिथे डॉ. रघुवीर यांनी लाहोरहून आणलेल्या आपल्या संस्थेत भारतीय परिभाषेचं प्रचंड काम मांडलं. त्याच मालिकेत १९४९ साली रघुवीर आणि के. एन. दवे यांचा भारत, ब्रह्मदेश आणि श्रीलंकेतल्या पक्ष्यांच्या भारतीय शास्त्रीय नामावलीचा ग्रंथ निघाला. कल्पना मोठी होती. लॅटिनच्या जागी संस्कृत, प्रजातीला एक पद आणि जातीला दुसरं, आणि ती नावं सर्व भारतीय भाषांना सारखीच.

दवे यांनी पुढे संस्कृत साहित्यातल्या पक्ष्यांवर आयुष्यभराचा अभ्यास केला. तो ग्रंथ १९८५ साली प्रसिद्ध झाला. त्यातून दिसतं ते असं, की संस्कृत नावांची श्रीमंती खरी आहे, पण ती नावं आधुनिक अर्थाने ‘एक नाव, एक जात’ अशी नाहीत. क्रौंच हे ठळक उदाहरण. मोनियर-विल्यम्स यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात क्रौंचाचा अर्थ ‘एक प्रकारचा कर्ल्यू’ असा दिलेला आहे. म्हणजे त्या कोशावर विसंबणाऱ्याने रामायणाच्या आरंभी शिकाऱ्याच्या बाणाने पडलेला पक्षी कोरल समजायचा. ज्युलिया लेस्ली यांनी १९९८ साली या प्रश्नावर सविस्तर लेख लिहिला. जोडीने राहणं, मीलनकाळातलं नृत्य, नराचं लाल डोकं, जोडीदार गेल्यावरचा आक्रोश, अशी लक्षणं एकेक करून तपासत त्यांनी तो सारस असल्याचं मांडलं. दवे मात्र दाखवतात, की हा शब्द वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या लांब पायांच्या पक्ष्यांना लागला आहे. दोघांच्या म्हणण्यात विरोध आहेच असं नाही. एका प्रसंगातला पक्षी सारस असू शकतो आणि शब्द सैल असू शकतो. रामायणातल्या प्रसंगापुरतं सारसाचं पारडं जड आहे. कोरल तिथे बसत नाही, कारण तो आपल्याकडे हिवाळी पाहुणा, त्याचा विणीचा हंगाम इथे होतच नाही.

नागपूरची नामावली बोलीत उतरली नाही. तरी तिचं मूळ म्हणणं आजही जिवंत आहे: नाव नेमकं हवं आणि प्रांत ओलांडून चाललं पाहिजे. शराटी, बलाक, वंचक, दर्विमुख यांसारखी संस्कृत वळणाची नावं मराठी पुस्तकांत रुळली आहेत, आणि चित्रबलाक हे नाव ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पक्षी उभा करतं हे त्याच्या विरोधकांनाही मान्य करावं लागेल.

आज चार बाजू

पहिली बाजू लोकनावांची. तिचं सर्वांत मोठं नाव मारुती चितमपल्ली. वनखात्यातल्या नोकरीत त्यांनी मेळघाट, नवेगावबांध अशा जंगलांत शब्द वेचले. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार यांच्यासारख्या जाणत्यांकडून पक्ष्यांची ओळख करून घेतली. २००२ साली त्यांचा ‘पक्षिकोश’ आला. जून २०२५ मध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. शब्द जिथे वापरला जातो तिथूनच घ्यायचा, हा त्यांचा आग्रह. पण ते नुसते संग्राहक नव्हते. बगळे-करकोच्यांच्या सामूहिक विणीच्या जागेला सारंगागार, कावळ्यांच्या रात्रथाऱ्याला काकागार, हे शब्द त्यांच्या लेखनातून मराठी वाचकांच्या ओळखीचे झाले. लोकबोली आणि संस्कृत यांच्यात त्यांच्यापुरती भिंत नव्हती.

लोकनावांची ताकद घडणीत दिसते. चिखलात धावतो तो चिखल्या, कुदळीची चोच तो कुदळ्या, चमच्याची चोच तो चमच्या. शेकाट्या, उचाट्या याच चालीचे. गावात माणसाला टोपणनाव पडतं त्याच ‘या’ने पक्ष्यालाही पडलं. टिटवी तर स्वतःच नाव सांगत उडते. तिने अंडी उंचावर घातली तर पाऊस जास्त, ही शेतकऱ्यांची खूणगाठ असो की पाय आभाळाकडे करून झोपते ही समजूत, नावासोबत निरीक्षणाचं एक पोतडं येतं. मर्यादा एवढीच, की लोकांना ज्या पक्ष्याशी काम पडत नाही त्याला वेगळं नाव नसतं. काठावर शेपूट सतत खालीवर हलवणारी छोटी तपकिरी पाखरं तापीवर हिवाळ्यात चार-पाच जातींची तरी असतात. बोलीला ती सगळी एक.

दुसरी बाजू संस्कृतनिष्ठांची, तिचा विचार वर आला.

तिसरी प्रमाण यादीची. भारतीय पक्ष्यांच्या इंग्रजी नावांतला गोंधळ निस्तरण्यासाठी रणजित मनकादन आणि आशीष पिट्टी यांनी २००१ साली प्रमाण नावांची यादी केली होती. मराठीत महाराष्ट्र पक्षिमित्र ही संघटना आणि राजू कसंबे यांच्यासारखे अभ्यासक यांनी तशाच प्रमाण मराठी नावांसाठी परिश्रम घेतले. ई-बर्डसारख्या नोंदणीव्यवस्थेत आज भाषा म्हणून मराठी निवडता येते, त्यामागे हे काम आहे. पद्धत व्यवहारी आहे: रुळलेलं लोकनाव गटाला ठेवायचं आणि जातीसाठी विशेषण जोडायचं. लाल पायाचा टिलवा, हिरव्या पायाचा टिलवा. काळ्या शेपटीचा पाणटिवळा. ताम्रमुखी टिटवी आणि माळटिटवी.

आक्षेप विशेषणांवर आहे. ‘युरेशियन’ हे विशेषण इंग्रजीत जागतिक यादीसाठी लागलं, कारण अमेरिकेत आणि पूर्व आशियात इतर कर्ल्यू आहेत. ब्रिटनमधला माणूस रोजच्या बोलण्यात नुसतं कर्ल्यू म्हणतो. आपल्याकडे नियमित येणारे दोनच: कोरल आणि त्याहून लहान, डोक्यावर पट्टे असलेला व्हिंब्रेल. मोठा कोरल, छोटा कोरल एवढ्याने काम भागतं. हिंदीने तेच केलं, बड़ा गुलिंदा आणि छोटा गुलिंदा. ‘कर्ल्यू सँडपायपर’ आला की पेच वाढतो. त्याच्या मराठी नावात कोरल आणायचा, की बाकदार चोच एवढंच सांगायचं? कोरल आणला तर ज्याने कोरल पाहिलाच नाही त्याला नाव काहीच सांगत नाही, आणि बऱ्हाणपूर-जळगावच्या बहुतेकांनी तो पाहिलेला नसतो. कोरल मुख्यतः खाड्यांचा, अलिबागजवळच्या आक्षीसारख्या पुळणींचा, चिखलमैदानांचा पक्षी; देशावरच्या मोठ्या जलाशयांवर तो अधूनमधूनच येतो. इथे वर्णनाची बाजू सरस आहे.

चौथी बाजू बोलून दाखवली जात नाही पण दुर्बीण गळ्यात असलेल्यांपैकी बहुतेकांची तीच आहे: इंग्रजी नावच चालू द्यावं. त्यांचं म्हणणं सोडून देण्यासारखं नाही. जानेवारीतल्या आशियाई पाणपक्षी गणनेत, जी १९८७ पासून चालू आहे, आकडे देशोदेशी जातात; तिथे घोटाळा नको. पण ही सोय दुर्बीण असलेल्यांची आहे. तळ्याची राखण करणारा मच्छीमार, पाणी सोडणारा पाटकरी आणि शाळेतली मुलं यांच्याशी बोलायला ‘कॉमन ग्रीनशँक’ कामाचा नाही. ज्यांच्या हातात पाणथळीचं भवितव्य आहे ते या नावांच्या बाहेर राहतात, हा या बाजूचा सर्वांत मोठा तोटा.

न सुटलेल्या गाठी

नाव नात्याप्रमाणे असावं की दिसण्याप्रमाणे, याचा निकाल लागलेला नाही. पाणलावा हा लावा नव्हे, हे जुनंच. रंगीत पाणलावा हा पाणलावाही नव्हे. त्याचं कूळ कमळपक्ष्याजवळचं आहे. प्रमाण यादीने नाव सुधारायचं, की रुळलं आहे म्हणून ठेवायचं? इंग्रजीने ‘पेंटेड-स्नाइप’ ठेवलं, मधे जोडरेघ टाकून. मराठीत जोडरेघेने अर्थ बदलत नाही.

याच पक्ष्यात दुसरी गाठ आहे, लिंगाची. मराठीत पक्ष्याला तो किंवा ती व्हावंच लागतं. टिटवी ती, शेकाट्या तो. रंगीत पाणलाव्यात रंगीत असते ती मादी. नर फिक्या रंगाचा, अंडी तोच उबवतो, पिल्लं तोच सांभाळतो, आणि मादी दुसऱ्या नराकडे जाते. ‘रंगीत पाणलावा’ या पुल्लिंगी नावात रंग नेमका चुकीच्या बाजूला पडतो. सूची करताना या मुद्द्याकडे आजवर मिळालं त्याहून अधिक लक्ष द्यायला हवं.

शिवाय ज्या इंग्रजी नावांवरून मराठी नावं बेततात ती स्वतः स्थिर नाहीत. काळा कुदळ्या इंग्रजीत ‘ब्लॅक आयबिस’ होता, आता ‘रेड-नेप्ड आयबिस’ आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकन ऑर्निथॉलॉजिकल सोसायटीने आपल्या क्षेत्रातल्या पक्ष्यांच्या इंग्रजी नावांतून माणसांची नावं काढायचं जाहीर केलं. जून २०२५ मध्ये वेगवेगळ्या जागतिक सूची एकवटून ११,१३१ जातींची ‘अ‍ॅव्हीलिस्ट’ आली. दर बदलामागे मराठीने धावायचं का? रानपिंगळा याचं चांगलं उत्तर देतो. बऱ्हाणपूरजवळच्या खकनारच्या जंगलातही राहणाऱ्या या घुबडाच्या शास्त्रीय नावात ब्ल्यूइट नावाचा इंग्रज आहे, ह्यूम यांनी १८७३ साली घातलेला. मराठी नावात फक्त रान आणि पिंगळा. ते बदलायची वेळ कोणावर येणार नाही.

नावं ठरवण्याची घाई करायला कारणही आहे: पक्षीच कमी होत चालले आहेत. कोरल २००८ पासून जागतिक यादीत संकटसमीप आहे. त्याचा बारीक चोचीचा भाऊबंद, जो १९९५ च्या फेब्रुवारीत मोरोक्कोतल्या मर्जा झर्गा या खाजणावर शेवटचा निश्चित दिसला, त्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये नामशेष घोषित करण्यात आलं.

आणि शेवटी सीमा. तापी ७२४ किलोमीटर वाहते. मुलताईला उगम, मग बऱ्हाणपूर, मग हतनूरचा जलाशय, उकाई, आणि सुरतेपलीकडे खंबातच्या आखातातलं चिखलमैदान, जिथे कोरल हिवाळा काढतो. तिथे गुजरातीत त्याला खलीली म्हणतात. मधल्या खानदेशी पट्ट्यातल्या मराठी पुस्तकांत तो कोरल, वरच्या अंगाला हिंदी पुस्तकांत गुलिंदा. बऱ्हाणपूरच्या मराठी घरातल्या मुलाला शाळेत बुज्जा शिकायला मिळतो आणि घरी कुदळ्या. यात एक नाव खरं आणि दुसरं उसनं असं काही नाही. मात्र मराठीची प्रमाण यादी महाराष्ट्राच्या हद्दीपुरती करायची, की शाहपूर, खकनार आणि बऱ्हाणपूरची बोली, शेजारच्या कोरकू पाड्यांतले शब्दही तिच्यात विचारात घ्यायचे, हे ठरवावं लागेल. विचारात घ्यायचे असतील तर पद्धत साइक्स-डेव्हिडसनांच्या काळापेक्षा काटेकोर हवी. नाव विचारायचं ते पुस्तकातलं चित्र दाखवून नव्हे, पक्षी समोर असताना. सांगणाऱ्याचं गाव, भाषा आणि हंगाम शेजारी लिहायचा, आवाज ध्वनिमुद्रित करायचा. कुदळ्यासाठी नांगरट चालू असताना शेतावर जावं लागेल, तुताऱ्यांसाठी डिसेंबर-जानेवारीत घाटावर. करवानकाची हाक मात्र अंधार पडल्यावर सुरू होते आणि चांदणं असलं तर पहाटेपर्यंत चालते. त्याचं नाव विचारायला तापीच्या गोट्यांवर रात्री जाऊन बसावं लागेल.